लाईट गेली की डिस्क गायब: केबल बदलण्याआधी आयओएमएमयूची ओळ वाचा

ज्यांच्या मशीनला जादाचं सॅटा कार्ड लावलंय आणि त्यावरच्या हार्डडिस्क मधूनच दिसेनाशा होतात, केबल हलवली की येतात, महिनाभराने परत जातात, त्यांच्यासाठी लिहितोय. माझे यात जवळपास आठ महिने गेले आणि कारण शेवटी भलतीकडेच निघालं. लॉग (मशीनने स्वतः लिहिलेल्या नोंदी) डोळ्यासमोर होता, त्यात उत्तर होतं, आयओएमएमयूच्या म्हणजे कार्डांना रॅममध्ये कुठे लिहू द्यायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या एका ओळीत, पण ती ओळ नीट कशी वाचायची हे मला माहीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मशीन काय ते. तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात आम्ही चार-पाच जण मिळून जुनी मासिकं आणि दिवाळी अंक स्कॅन करतो, कागद पार पिवळा पडून पापडासारखा तुटायला लागलाय म्हणून. साधा इंटेलचा डेस्कटॉप, लिनक्स एसएसडीवर, एसएसडी बोर्डाच्याच पोर्टला. स्कॅन जातात ४ टीबीच्या दोन डिस्कवर, त्यांचा मिरर केलेला (दोन्हींवर तीच प्रत), आणि बोर्डावरचे पोर्ट संपले म्हणून या दोन्ही डिस्क पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधल्या स्वस्तातल्या सॅटा कार्डावर.

लक्षण असं. महिना-दीड महिना सगळं सुरळीत, मग एक दिवस तिथल्या ताईंचा फोन, "दादा, डिस्क परत गेली, फोल्डर रिकामं दिसतंय." मी जायचो. लॉगमध्ये काय दिसायचं, तर आधी 'सॅटा लिंक अप ६.० जीबीपीएस', म्हणजे डिस्क जोडलेली दिसतेय, आणि लगेच खाली 'क्यूसी टाइमआउट', म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही, त्याखाली 'फेल्ड टू आयडेंटिफाय', म्हणजे डिस्कची ओळख पटली नाही, मग ५ सेकंद, १० सेकंद, ३० सेकंद थांबून तेच परत परत, आणि शेवटी कर्नल (लिनक्सचा गाभा) नाद सोडून देतो. मिरर उभाच राहत नाही.

टाइमआउट दिसला की हात पहिल्यांदा केबलकडे जातो. मी केबल बदलली, डिस्क आल्या. पुढच्या वेळी परत केबल बदलली आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं, आल्या. तिसऱ्या वेळी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलला, तेव्हाही आल्या. डिस्क घरी नेऊन दुसऱ्या मशीनला लावून स्मार्टची (डिस्क स्वतःला तपासते ती) लांबवाली टेस्ट केली तर दोन्ही ठणठणीत. दरवेळी काहीतरी बदललं की चालू होत होतं, त्यामुळे शेवटी जे बदललं त्यालाच श्रेय जायचं. नुसतं रीबूट करून प्रॉब्लेम परत आणायचा प्रयत्न केला, वीस-वीस वेळा रीबूट केलं, एकदाही आला नाही.

आता तो 'लिंक अप' शब्द बघा. कार्ड आणि डिस्क यांच्यामधली केबल पार खराब असेल तर ६ जीबीपीएसला लिंक सहसा येत नाही. म्हणजे डिस्क ते कार्ड रस्ता बहुधा बरा आहे. त्यानंतर कर्नल डिस्कला विचारतो 'तू कोण', हीच आयडेंटिफाय कमांड, आणि डिस्क ५१२ बाइटचं उत्तर देते. हे उत्तर सीपीयू एकेक बाइट उचलून घेत नाही, कार्ड स्वतःच ते रॅममध्ये नेऊन टाकतं, यालाच डीएमए म्हणतात. रॅममध्ये टाकायला कुणी मज्जाव केला तर डिस्कने उत्तर देऊनही ते कर्नलच्या हातात पडत नाही आणि वरून दिसतो तो टाइमआउट. मी आठ महिने डिस्क ते कार्ड एवढाच रस्ता तपासत बसलो, अडचण कार्ड ते रॅम या रस्त्यावर होती.

या रस्त्यावर जो नाकेदार बसलेला असतो तो आयओएमएमयू. इंटेलवाले त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीवाले एएमडी-व्हीआय, आर्मवर एसएमएमयू. सीपीयूमधल्या प्रोग्रॅमना जसा एमएमयू आपापल्या पानांपुरतं (रॅमच्या ठरलेल्या तुकड्यांपुरतं) बांधून ठेवतो तसं हा डिव्हाइसना बांधून ठेवतो. डिव्हाइस पत्ता सांगतं, हा टेबल बघतो, खरा पत्ता काढतो, परवानगी असेल तर सोडतो. हिशोब ४ केबीच्या पानात चालतो. हा नसेल तर डीएमए करणारं कुठलंही कार्ड रॅममध्ये कुठेही लिहू शकतं, कर्नलच्या डोक्यावरसुद्धा, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आणि टेबलात शोधायचं कसं, तर डिव्हाइसच्या नंबरावरून. प्रत्येक रिक्वेस्टबरोबर १६ बिटांचा नंबर येतो: ८ बिट बस, ५ बिट डिव्हाइस, ३ बिट फंक्शन. आपल्याला तो ०३:००.० असा दिसतो. इंटेलवर आधी रूट टेबल, त्यात २५६ नोंदी, बसला एक. त्यातून त्या बसचं कॉन्टेक्स्ट टेबल, त्यात परत २५६ नोंदी, डिव्हाइस आणि फंक्शन मिळून एकेक. तिथून पुढे पानांचं टेबल. मला हे तलाठ्याच्या दप्तरावरून डोक्यात बसलं. गाव म्हणजे बस, गट नंबर म्हणजे डिव्हाइस, हिस्सा म्हणजे फंक्शन. गट-हिस्सा सांगितला की सातबारा निघतो, त्यावर कुठल्या जमिनीवर काय हक्क ते लिहिलेलं. हिस्सा चुकीचा सांगितला तर सातबाराच निघत नाही, मग जमीन तुमची असली तरी दप्तरात तुम्ही नाहीच.

माझ्या लॉगमध्ये, त्या टाइमआउटच्या गर्दीत, ही ओळ होती (स्क्रीनवर इंग्रजीत असते): 'डीएमएआर, डीएमए राइट, रिक्वेस्ट डिव्हाइस ०३:००.१, फॉल्ट रीझन ०२, प्रेझेंट बिट इन कॉन्टेक्स्ट एन्ट्री इज क्लियर'.

मी ती पहिल्याच वेळी पाहिली होती, खोटं कशाला बोलू. पाहिली आणि "डीएमए फॉल्ट, म्हणजे कार्ड खराब असेल" म्हणून पुढे गेलो. बिंदूनंतरचा १ मला दिसलाच नाही. माझं कार्ड ०३:००.० आहे. एलएसपीसीआय (लावलेल्या डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर ०३:००.० एवढंच दिसतं, ०३:००.१ नावाचं काही मशीनमध्ये अस्तित्वातच नाही! कार्डावरची चिप रॅमकडे जाताना काही रिक्वेस्ट स्वतःच्या नावाने पाठवते आणि काही नसलेल्या हिश्शाच्या नावाने. कर्नलने सातबारा काढलाय तो ०३:००.० च्या नावे, .१ ची नोंद कोरी, म्हणून फॉल्ट ०२. नाकेदाराने नियमाप्रमाणे अडवलं, त्याचं काही चुकलं नाही.

चिपांची ही खोड नवीन नाही. लिनक्स कर्नलमध्ये क्वर्क्स डॉट सी नावाची फाईल आहे, त्यात अशा चिपांची यादीच आहे, २०१४ पासून डीएमए अलियासची सोय तिथे आहे. 'या चिपचा आयडी दिसला तर फंक्शन १ च्या नावानेही तीच नोंद करून ठेव' असं त्यात सांगितलेलं असतं. उलटी उदाहरणंही आहेत, रिकोच्या काही कार्ड रीडर चिपा अनेक फंक्शन असून डीएमए मात्र फंक्शन ० च्या नावाने करतात, त्यांचीही नोंद तिथेच. माझ्या कार्डाच्या चिपचा आयडी मी वापरत असलेल्या जुन्या कर्नलच्या यादीत नव्हता, एवढाच काय तो फरक.

आता खरा प्रश्न, हे कधी व्हायचं आणि कधी नाही असं का?

इथे मी दोन ठिकाणी फसलो. एक म्हणजे ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आयओएमएमयू चालू करायची ओळ माझीच होती. पूर्वी तिथे एक जुना स्कॅनर होता, त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा, म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून त्याला यूएसबीचं आख्खं कार्ड देऊन टाकलं होतं, त्यासाठी आयओएमएमयू लागतं. नंतर लिनक्सवर चालणारा स्कॅनर आला, व्हर्च्युअल मशीन उडवलं, ग्रबची ओळ राहिली. पुढे हे सॅटा कार्ड बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी डिस्क दिसल्या नव्हत्या, मी बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एका दमात पाच-सहा गोष्टी बदलल्या, त्यात व्हीटी-डी बंद करणंही होतं, डिस्क दिसल्या, ते सगळं बायॉसच्या प्रोफाईलमध्ये सेव्ह केलं आणि नेमकं कशाने चाललं ते बघितलं नाही.

दुसरी फसगत जास्त वाईट, कारण ती तपासताना झाली. फॉल्टची ओळ दुसऱ्यांदा दिसल्यावर मला शंका आली होती आयओएमएमयूची. म्हणून डिस्क चालू असतानाचा लॉग उघडून बघितला, त्यातही 'डीएमएआर, आयओएमएमयू एनेबल्ड' अशी ओळ दिसली. म्हणलं चांगल्या दिवशीही हे चालूच आहे, म्हणजे याचा संबंध नाही. आणि तो धागा तिथेच सोडला. पण ती ओळ कर्नल ग्रबमधला पर्याय वाचला की छापतो, बायॉसमध्ये व्हीटी-डी बंद असलं तरी! खरंच चालू आहे का ते बघायचं तर सिसएफएसमधल्या (लिनक्सच्या 'सिस' फोल्डरातल्या) 'कर्नल' फोल्डरात 'आयओएमएमयू ग्रुप्स' आहे, तिथे बघा. आत नंबरांचे फोल्डर असतील तर चालू, रिकामं असेल तर बंद. हे एक मला आधी कुणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

आणि मग ताई फोनवर सहज म्हणाल्या, "सकाळी चालू केलं की काळ्या स्क्रीनवर एफ वन दाबा म्हणतं, ते दाबलं की होतं चालू." कधीपासून? "अधूनमधून म्हणतं, लाईट जास्त वेळ गेली की."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुने लॉग काढले आणि डिस्क गेलेल्या प्रत्येक बूटमध्ये आरटीसीची (बोर्डावरच्या घड्याळाची) ओळ शोधली, 'सेटिंग सिस्टिम क्लॉक टू' असं असतं ती. चांगल्या बूटमध्ये त्या दिवसाची तारीख, डिस्क गेलेल्या प्रत्येक बूटमध्ये १ जानेवारी २०१८, रात्रीचे बारा वाजून काही सेकंद. चारच्या चार वेळा. नेट आलं की घड्याळ आपोआप सुधारतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

करंट नसताना घड्याळ आणि बायॉसच्या सेटिंग सांभाळणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून मल्टीमीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी २.१. म्हणजे भिंतीतून करंट येतोय तोवर एसएमपीएसची स्टँडबाय लाइन बायॉसच्या सेटिंग सांभाळते, मशीन शटडाऊन असलं तरी. यूपीएस पूर्ण उतरला किंवा सुट्टीला जाताना कुणी मेन स्विच पाडला की सेटिंग पुसली जाते, बायॉस फॅक्टरी डिफॉल्टवर येतं, आणि या बोर्डाचं डिफॉल्ट व्हीटी-डी चालू. बायॉसमध्ये चालू, ग्रबमध्ये चालू, चिप .१ च्या नावाने जाते, डिस्क गायब. मग मी यायचो, केबल बदलायचो, आणि बायॉसची सेटिंग उडालीये म्हणून सवयीने सेव्ह केलेलं प्रोफाईल लोड करायचो, ते फ्लॅशमध्ये असतं, सेलवर नसतं, त्यात व्हीटी-डी बंद. डिस्क परत. श्रेय केबलला! रीबूटने कधीच का झालं नाही तेही कळलं, रीबूटमध्ये करंट जातच नाही.

आता उपाय. नेटवर सगळीकडे एकच सांगतात, व्हीटी-डी बंद करा. माझं स्पष्ट मत आहे की ओळ वाचल्याशिवाय हे करू नका.

कारण फॉल्ट सगळे सारखे नसतात. रीझन ०२ आणि एलएसपीसीआयमध्ये नसलेलं फंक्शन, म्हणजे माझी केस, डिव्हाइस चुकीचं नाव सांगतंय पण जातंय योग्य जागी. रीझन ०५ किंवा ०६ म्हणजे प्रकरण वेगळं, ०५ लिहायची परवानगी नाही, ०६ वाचायची नाही. तिथे सातबारा निघतो पण सांगितलेल्या जमिनीवर त्याचा हक्क नाही. म्हणजे ड्रायव्हरने पान परत घेतल्यावरही डिव्हाइस लिहितंय, किंवा मुळात पत्ताच चुकतोय. अशा वेळी आयओएमएमयू बंद केलंत तर एरर दिसणं थांबेल, लिहिणं थांबणार नाही, ते पान आता ज्या कुणाकडे असेल त्याच्यावर लिहिलं जाईल. आमच्यासारखं, ज्या अंकाची दुसरी प्रत कुठे मिळेल याची खात्री नाही त्याचे स्कॅन ठेवणारं मशीन असेल तर हा धोका मी कधीच घेणार नाही. तिथे ड्रायव्हर, फर्मवेअर, कर्नल अपडेट करा, नाहीतर कार्ड बदला. एएमडीवर हेच 'आयओ पेज फॉल्ट' नावाने येतं, त्यातही डिव्हाइसचा नंबर आणि पत्ता दिलेला असतो, आधी नंबर बघा. आणि इंटेलवर फॉल्ट ००:०२.० च्या नावे असेल तर तो आतल्या ग्राफिक्सचा, त्याच्यापुरतंच आयओएमएमयू वगळायचा वेगळा पर्याय कर्नलमध्ये आहे, आयजीएफएक्स ऑफ, आख्खं बंद करायची गरज नाही.

लॅपटॉपवर थंडरबोल्ट (बाहेरची डिव्हाइस जोडायचं वेगवान पोर्ट) असेल तर आणखी एक कारण. बाहेरून लावलेलं डिव्हाइस थेट डीएमए करू शकतं, २०१९ मध्ये केंब्रिजच्या आणि इतर संशोधकांनी थंडरक्लॅप नावाने दाखवून दिलं की आयओएमएमयू चालू असूनही ढिसाळ वापरलं तर आत शिरता येतं. मग बंद ठेवलं तर काय होईल.

दुसरा सल्ला मिळतो 'आयओएमएमयू बरोबर पीटी' लिहा, म्हणजे पासथ्रू. मीही करून बघितलं, माझ्या केसमध्ये शून्य उपयोग, आणि विचार केला तर कारण साधं आहे. पासथ्रूमध्ये पत्त्याचं भाषांतर होत नाही, पण कॉन्टेक्स्ट टेबलात नोंद लागतेच, आणि कर्नल नोंद करतो ती त्याला माहीत असलेल्या डिव्हाइसची. .१ त्याला माहीतच नाही. ०५/०६ पासथ्रूने गप्प होऊ शकतात, ०२ नाही.

मी काय केलं ते सांगतो. एलएसपीसीआयला डॅश एनएन लावून चिपचा वेंडर आणि डिव्हाइस आयडी काढला, नव्या कर्नलच्या क्वर्क्स डॉट सीमध्ये शोधला, मिळाला. कर्नल अपग्रेड केला. मग मुद्दाम जुना सेल तसाच ठेवून, बायॉसमध्ये व्हीटी-डी चालू ठेवून, भिंतीतली पिन काढून मशीन रात्रभर तसंच सोडलं. सकाळी पिन लावली, एफ वन विचारलं, दाबलं, घड्याळ १ जानेवारी २०१८, आयओएमएमयू ग्रुप्समध्ये फोल्डर दिसतायत म्हणजे खरंच चालू, आणि दोन्ही डिस्क हजर, लॉगमध्ये एकही फॉल्ट नाही. त्यानंतरच नवा सेल घातला. उलट क्रमाने केलं असतं, आधी सेल बदलला असता, तर परत कळलंच नसतं कशाने बरं झालं.

तुमच्या चिपचा आयडी यादीत नसेल तर तात्पुरतं बंद करायचं ते बायॉसमध्ये नको, ग्रबमध्ये करा, 'इंटेल आयओएमएमयू' हा पर्याय ऑफ लिहून. ग्रब डिस्कवर असतं, सेल मेला तरी ते टिकतं. आणि कर्नलच्या बगझिलावर (चुका कळवायच्या साईटवर) फॉल्टची ओळ आणि आयडी टाका, यादीत आयडी वाढायचे तर कुणीतरी कळवावं लागतं. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्स सिस्टिम) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, २०२४ च्या ८.२ बरोबर जो ६.८ कर्नल आला त्यात इंटेलचं आयओएमएमयू बाय डिफॉल्ट चालू झालंय, म्हणजे ग्रबमध्ये काही न लिहिताही अपग्रेडनंतर हा प्रकार समोर येऊ शकतो.

शेवटी एक गोष्ट जी मेमरीशी संबंधित नाही पण याच प्रकरणात आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवून गेली. डिस्क नसतानाही मशीन बूट होतं कारण एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर जोडायची ती फाईल) नोफेल लिहिलेलं, म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा. मग स्कॅनचं फोल्डर म्हणजे एसएसडीवरची नुसती रिकामी जागा उरते, स्कॅनरला काय कळतंय, तो बिनदिक्कत तिथेच लिहितो. संध्याकाळी मी येऊन डिस्क चालू केल्या की खरी डिस्क त्या फोल्डरवर माउंट होते (जोडली जाते) आणि दिवसभराची पानं तिच्याखाली झाकली जातात. ताईंना वाटायचं आपल्याकडून डिलीट झाली, एकदा तर त्यांनी आख्खा अंक परत स्कॅन केला, ती पानं उलटताना आणखी तुटली. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर डिस्क अनमाउंट करून मागचं रिकामं फोल्डर उघडून बघा. आमच्या एसएसडीवर चारही वेळची पानं होती, एक पूर्ण दिवाळी अंक मुखपृष्ठासकट. ती हलवून घेतली आणि मग त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटरने प्लस आय (आत काही बदलता न येण्याची खूण) लावून टाकलं, आता डिस्क माउंट नसेल तर स्कॅनर तिथे लिहूच शकत नाही, लगेच एरर देतो आणि ताई लगेच फोन करतात.